ह्युए गावचं सूप

आज सकाळी इथे परदेशात, पासिर रिसच्या घरी चहात गवती चहाची पात टाकली आणि त्या वासासरशी मरीन परेडजवळचं एक लहानसं व्हिएतनामी हॉटेल आठवलं. अठरा वर्षं झाली त्याला. मला तिसरा महिना होता आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. नवरा ऑफिसात, आई पुण्यात. भाजी घेऊन परतताना चक्कर आली म्हणून मी त्या हॉटेलात जाऊन बसले.

मालकीणबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बेबी?" मी मान हलवली. "मी मांस खात नाही," एवढंच कसंबसं सांगितलं. त्यांनी गवती चहाचा वास येणारं, मशरूम घातलेलं गरम नूडल सूप आणलं, वर लिंबू पिळलं.

"आमच्या ह्युए गावचं आहे. सावकाश खा," असं म्हणून त्या समोरच बसल्या. पहिला घोट पोटात टिकला, मग दुसरा. वाडगा संपला तेव्हा मला रडू आलं.

तेव्हा मला फक्त सूप दिसलं होतं. ऐन जेवणाच्या वेळी गिऱ्हाइकं ताटकळत असतानाही त्या बाई माझ्यासमोरून उठल्या नव्हत्या, हे आता जाणवतं. पण मनाला तेव्हाही काहीतरी कळलं असावं. लेक दीड महिन्याची झाली, तेव्हा देवळात नेण्याआधी मी तिला त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं होतं.