पागेतलं थेटर

परंड्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या सासरची दगडी पागा आहे. निजामाच्या काळात तिथं घोडे बांधायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्ध्या भागात कडबा होता, अर्ध्यात म्हशी. कमानींवर सिमेंट फासलेलं, वर पत्रे. तरी भर उन्हाळ्यात आत शिरलं की अंग निवायचं.

मी जवळच्या खेड्यात शाळेवर शिकवते. आमच्या गल्लीतल्या मुलींना घरी अभ्यासाला जागा नसते, दारात बसून त्या पुस्तकं उघडतात, हे मला रोज दिसायचं. म्हणून एकदा मी सासूबाईंना विचारलं की पागेत मुलींसाठी अभ्यासिका काढू का? त्या म्हणाल्या, जनावरं कुठं बांधायची? नवऱ्यानं पेपरातून डोकं वर न काढता आईचं बरोबर आहे म्हणून सांगितलं. विषय तिथंच संपला.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझा धाकटा दीर आणि त्याची बायको पुण्याहून कायमचे परत आले. जाऊ तिकडं सिनेमे दाखवणाऱ्या एका मंडळात काम करायची. तिच्या डोक्यात आलं, पागेत छोटं थेटर काढायचं, मोठ्या थेटरात लागत नाहीत असे सिनेमे गावाला दाखवायचे. मला वाटलं, मला मिळालं तेच उत्तर हिलाही मिळणार. मी त्याची वाटच बघत होते. पण थोड्याच दिवसांत म्हशी शेतातल्या गोठ्यात गेल्या.

गवंडी आले. त्यांनी सिमेंट खरवडलं, चुना भिजत घातला, पत्रे उतरवून चांगलं छत घातलं. कमानींचा काळा दगड उघडा पडला तशी येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या की तुमच्या जावेनं पागेचं सोनं केलं. मी हो म्हणाले आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

थेटर सुरू झालं त्या दिवशी सासूबाई नवं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मी पेपर तपासायचे आहेत म्हणून घरी राहिले. नंतरही काही ना काही निमित्त काढत राहिले. माझी मुलगी तिथून आली की काकूनं असं केलं, काकू तसं म्हणाली, हेच रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचं. मी भाकरी जास्तच जोरात थापत असे.

एका रविवारी दुपारी सासूबाई बीपीची गोळी घरीच विसरून थेटरात गेल्या. ती द्यायला मला जावंच लागलं. आत अंधार होता. पडद्यावर कुठल्या तरी डोंगराळ मुलखातला एक म्हातारा हट्टी गाढवाला घराबाहेर काढत होता, आणि गाढव पुन्हा पुन्हा आत येत होतं. त्यांची भाषा कुणालाच कळत नव्हती. जाऊ सासूबाईंच्या कानाला लागून अर्थ सांगत होती. आणि सासूबाई हसल्या. मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. हातातली गोळ्यांची पट्टी माझ्याकडून चुरगळली गेली.

संध्याकाळी त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले.

"आई, मी पागा मागितली तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. तिला कशी दिलीत?"

त्यांनी हात थांबवला नाही.

"तू एकदा इचारलंस. म्या न्हाय म्हनलं, तू गप बसलीस. मला वाटलं, हिला बी लई नड न्हाय. ती, तू शाळंत गेलीस की, रोज इचारायची. भांडायची सुदीक."

 त्या गप बसण्यालाच घरात सगळे माझा समजूतदारपणा म्हणत आले होते. मीही म्हणत आले होते.

रात्रभर मी मनात मुद्दे जुळवले. सकाळी जावेला गाठून म्हटलं, थेटर सकाळी रिकामंच असतं, तेवढ्या वेळात मला तिथं मुलींना अभ्यासाला बसवायचं आहे. ती चहा गाळत होती.

"घ्या की ताई. एक किल्ली तुमच्याकडंच ठेवा."

एवढंच. माझे सगळे मुद्दे घशातच राहिले. तिनं थोडं तरी अडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता रोज सकाळी, मी शाळेला जायच्या आधी, मुली येतात. मागच्या रविवारी एकीचे वडील मोटारसायकलवरून आले आणि थेट जावेपुढं हात जोडून म्हणाले की तुमच्यामुळं पोरीला बसायला जागा झाली. तिनं माझ्याकडं बोट केलं. हे सगळं ताईंचं आहे, माझं काही नाही, असं तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मग मला नमस्कार केला. मी हसले, पण आत कुठंतरी चरचरलं, कारण हे श्रेयसुद्धा मला तिच्याच हातून मिळालं होतं.

त्या दिवशी मुली गेल्यावर आम्ही दोघी दुपारच्या खेळासाठी खुर्च्या रांगेत लावायला लागलो. ती भराभर लावत होती. मी तिच्याहून भराभर लावायला लागले.