मावसाजींचं अराज्य

माझ्या मावसाजींनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, सरकार मोडीत काढलं त्याला आता तीसेक वर्षं होत आली; सरकारपर्यंत मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. कामरगावहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथे ग्रामपंचायत आहे, तलाठी आहे, रेशनचं दुकान आहे, आणि शासनाचा आणखी एक बारीकसा अंश म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तर आहे. या सगळ्यांच्या मधोमध चार एकर सोयाबीन-तुरीचं शेत, टिनाचं घर आणि दोन बैल एवढ्या मुलखात मावसाजींनी राज्यसंस्था रद्द केलेली आहे. त्यांना कुणी ‘अराजक माजवणारा माणूस’ म्हटलं की ते दुखावतात. “अराजक नाही बापू, अराज्य,” ते शांतपणे सांगतात. “अराजक म्हंजे गोंधळ. तो तं तुमच्या पंचायतीत रोजच हाय. अराज्य म्हंजे कोनी कोनाचा सायब नाही. एवढंच.” हा विचार त्यांना तरुणपणी अमरावतीत एका रद्दीच्या दुकानात सापडला. पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलेलं होतं, त्यामुळे लेखक कोण हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. नाव कळलं की त्याचे अनुयायी होतात, अनुयायी झाले की पुढारी लागतो, आणि पुढारी आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून!

पण नुसतं मत बाळगून स्वस्थ बसतील तर ते मावसाजी कसले. कुणावरही सत्ता गाजवायची नाही असं ठरल्या दिवसापासून त्यांनी आज्ञार्थी क्रियापद तोंडातून काढलेलं नाही. ‘ये’, ‘जा’, ‘आण’, ‘ठेव’ हे शब्द त्यांच्या बोलण्यातून कायमचे हद्दपार झाले. चहा हवा असला की ओसरीवर बसून आढ्याकडे बघत ते म्हणतात, “कोनाच्या मनात चहा मांडाचं आलं, तं माहा काई विरोध नाही.” घरात हे खपून जातं, कामरगावच्या हॉटेलात खपत नाही. एकदा बाजाराच्या दिवशी मालकानं त्यांना तीनदा विचारलं, “काका, काय देऊ?” तिन्ही वेळा उत्तर एकच, “तुमाले जे द्यावं वाटते ते.” मालकाला आदल्या दिवशीची उरलेली भजी द्यावीशी वाटली. पुढचे दोन दिवस पोटानं मावसाजींशी असहकार पुकारला, पण तत्त्वाला त्यांनी बोल लावला नाही. बैलांशीही तोच रिवाज. सकाळी वखर जुंपला की बैलांपुढे जाऊन ते विचारतात, “चालता का, बापहो?” बैल विचार करतात. बैलांचा विचार पूर्ण होईपर्यंत शेजारच्या वावरातलं अर्धं काम उरकलेलं असतं.

बहुमतावर त्यांचा विशेष राग. “एकावन लोकं हो म्हनते, म्हून एकोनपन्नासाईनं काय तोंड शिवून घ्याचं?” हा त्यांचा सवाल मी अनेकदा ऐकला आहे. त्यांच्या विहिरीवर सहा शेतकऱ्यांचा हिस्सा आहे. पाण्याच्या पाळीवरून दरवर्षी भांडणं व्हायची. एका वर्षी मावसाजींनी सुचवलं, मोजणी नको, सहाही जणांना पटेल तोवर बोलत राहू. सहा जण निंबाखाली बसले. पहिल्या दिवशी शिव्या झाल्या, दुसऱ्या दिवशी जुनी भांडणं निघाली, तिसऱ्या दिवशी एकाचा गळा बसला आणि एकाला जांभया आवरेनात. त्या संध्याकाळी एकमत झालं. ते पटून झालं की थकून, यावर गावात अजून वाद आहे. पण पाण्याची ती पाळी त्यानंतर एकदाही मोडलेली नाही, हेही खरं. पंचायतीचे किती ठराव पाळले गेले, हे मावसाजी मला मुद्दाम चारचौघांत विचारतात.

आता एवढ्या कडक अराज्यवाद्याची बायको काय असावी? माझी मावशी दोनदा निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य आहे. ठणठणीत आवाजाची, पदर खोचून सभेत उभी राहणारी, तलाठ्यालाही खुर्चीतून उठवणारी बाई. मावसाजी तिला घरात ‘सरकार’ म्हणतात आणि तिचं सगळं निमूट ऐकतात. मी एकदा चावटपणे म्हटलं, “मावशी, नवरा हुकूम सोडत नाही, तुझी तर चैन आहे.” ती भाकर थापता थापता थांबली. “चैन? अरे, हे हुकूम सोडत नाहीत, म्हून सगळे हुकूम मलेच सोडा लागते! लेकराईले मीच रागवाचं, गड्याईले मीच बोलाचं, बैलाईलेही मीच हाकलाचं. गावात चांगले हे, आन वाईट मी.” मावसाजी ओसरीवरून म्हणाले, “माहा काई विरोध नाही.” ती म्हणाली, “पाह्यलं?”

तर असा हा संसार आपल्या वाटेनं चालला होता, आणि त्यात मी माती कालवली. शिक्षकाला शिकवण्याखेरीज जी कामं असतात त्यांतलं एक म्हणजे मतदार यादी. घरोघर जाऊन कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं ते लिहायचं. गावात मावसाजींच्याच नावाचे आणखी एक गृहस्थ होते, ते वारले. मी टळटळीत उन्हात, घाम पुसत, त्यांच्याऐवजी मावसाजींच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलं. यादी छापून पंचायतीच्या भिंतीवर लागली तेव्हा गावाला आधी हसू फुटलं. ज्या माणसानं जन्मात कधी मत दिलं नाही, त्याचं नाव गेलं तर बिघडलं काय? उलट तो पेढे वाटेल, अशी सगळ्यांची अटकळ होती.

मावसाजी शाळेत आले ते थेट भर वर्गात. “बापू, हे काहून केलं तुनं?”

मी गयावया करत म्हणालो, “चूक झाली, मावसाजी. पण तसंही तुम्ही मत कुठे देता?”

“नाही देत! पन नाही देत हे त्याईले कयलं पायजे ना! यादीत नाव असलं, अन मी नाही गेलो, तं तो माहा नकार होय. नावच नसलं तं मी नुस्ता मेलेला मानूस. मेलेल्याच्या नकाराले कोन इचारते?”

मी चूक दुरुस्त करतो म्हणालो, पण सरकारी कागदावर मारणं जितकं सोपं, तितकं जिवंत करणं सोपं नसतं. आम्ही दोघं तहसिलीत तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला टेबलामागच्या बाबूनं त्यांच्याकडे जिवंत असल्याचा पुरावा मागितला. मावसाजींनी त्याला विचारलं, “तुमचा कोठी हाय? म्हंजे मले नमुना पाहता येईन.” त्या एका वाक्यापायी दुसरी खेप घालावी लागली. दुसऱ्या खेपेला अर्जातल्या ‘विनंती करतो की’ या शब्दांवर ते अडले. विनंती करायची नव्हती, कळवायचं होतं. तिसऱ्या खेपेला मोठ्या साहेबांनीच आत बोलावलं. साहेब तरुण आणि हसरे होते. म्हणाले, “काका, एवढे हेलपाटे घालताय, कोणाला मत द्यायचंय?”

“कोनालेच नाही.”

“मग नाव कशाला हवं?”

“नाही म्हनासाठी.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता चौथी खेप. पण त्यांनी चहा मागवला आणि अर्धा तास मावसाजींना त्यांचं अराज्य समजावून सांगायला लावलं. शेवटी सही करताना म्हणाले, “तुमच्यासारखे सगळे झाले तर माझी नोकरी जाईल.” मावसाजी उठता उठता प्रेमानं म्हणाले, “वावरात यावं वाटलं, तं माहा काई विरोध नाही. काम भरपूर हाय.” नाव यादीत चढलं. त्या दिवशी जीपमध्ये ते असे बसले होते की एखाद्याला वाटावं, गडी निवडून आला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सरपंचपदाची निवडणूक लागली, आणि मावशी उभी राहिली. समोर रेशन दुकानदाराची वहिनी. मावशीनं प्रचारात एकच वचन दिलं होतं, नाल्यावर रपटा. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. पावसाळ्यात त्यांच्या बायका आणि लेकरं कमरेएवढ्या पाण्यातून गावात येतात. दगडांचा एक ठेंगणा रस्ता नाल्यातून टाकला की प्रश्न मिटला. मावशीनं दारोदार जाऊन मतं मागितली. एका घरी मात्र मागितलं नाही. मी म्हटलं, “मावशी, मावसाजींना एकदा विचार तरी.” ती म्हणाली, “चाळीस वर्सं झाले संसाराले. मागा लागलं तं ते मत कायचं?”

मतदानाच्या दिवशी मावसाजी धुतलेलं धोतर नेसून केंद्रावर गेले. सगळं गाव बघत होतं. रांगेतले लोक एकमेकांना कोपर मारत होते, अखेर पाघळला म्हातारा. पुढचं मला तिथल्या केंद्राध्यक्षांनी सांगितलं. मावसाजींनी आपलं नाव यादीत स्वतः वाचून पाहिलं, सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि म्हणाले, “झालं. मी मत देत नाही. तसं लिहून घेता येईन का?” केंद्राध्यक्ष म्हणाले, “काका, कोणीच नको असेल तर शेवटचं बटण आहे.” “तेही बटनच होय ना, त्याईनंच बसवेल हाय ते.” केंद्राध्यक्षांनी पुस्तिका काढली, नियम शोधला, रांग खोळंबली, बाहेर ओरडा सुरू झाला. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात ‘मत देण्यास नकार’ असं लिहिलं गेलं. मावसाजींनी ते दोनदा वाचलं आणि आभार मानून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. दोघी उमेदवारांना सारखी मतं. फेरमोजणी झाली, पुन्हा सारखी. मग नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या बरणीत टाकल्या, तिथल्या शिपाईबाईंनी डोळे मिटून एक उचलली, आणि त्या चिठ्ठीवर मावशीचं नाव नव्हतं.

परतताना जीपमध्ये आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो होतो. गाडीतले बाकीचे लोक खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत होते. मग मावशी समोर बघत म्हणाली, “तुमी मेलेले राह्यले असते, तरी मले एवढेच मतं पडले असते.”

मावसाजींपाशी राज्य, कायदा, लोकशाही, बहुमत सगळ्यांवर उत्तर होतं. यावर नव्हतं. घरी गेल्यावरही ते ओसरीवर बसून राहिले. मी निघालो तेव्हा हळूच म्हणाले, “बापू, मी बराबरच होतो ना?” मी मास्तर, रोज तीस पोरांना चूक-बरोबर सांगतो. त्यांना मात्र ‘उद्या येतो’ एवढंच म्हणून मी चपला घातल्या.

उन्हाळ्यात वस्तीतली माणसं ऊसतोडीहून परतली. एका सकाळी शाळेत जाताना पाहतो तो मावसाजी एकटेच कोरड्या नाल्यात उतरून दगड रचत होते. कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “मले वाटलं, म्हून करून राह्यलो.” तिसऱ्या दिवशी वस्तीतले चार जण आले, आठवड्याभरात वीस-पंचवीस झाले, कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी मुरूम. गर्दी झाली तसा गोंधळही झाला; एक जण इकडे रचतो, दुसरा तिकडे, तिसरा दोघांना शिव्या देतो. मावसाजी प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होते. मग एक दिवस काठावरून आवाज आला, “मोठे दगड खाली ठेवा! अवो, तिकडून नाही, इकडून!” मावशी पदर खोचून उभी होती. त्या दिवसापासून कामाला वेग आला. पावसाच्या आत रपटा झाला, आणि गावात म्हणतात की इतका पक्का रपटा आजूबाजूला नाही.

जुलैत नव्या सरपंचबाईंनी त्याचं लोकार्पण केलं. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि काठावर निळी पाटी लागली. पाटीवर सरपंचबाईंचं नाव ठळक, रेशन दुकानदार दिराचं त्याखाली. मावसाजींना त्याचं काहीच वाटलं नाही. रस्त्याला नाव कशाला लागतं, हेच त्यांना कळत नव्हतं. “लोकं चालून राह्यले ना? मंग झालं,” ते मला म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं तिकडून येत होतो. नाला भरून वाहत होता, आणि वस्तीतल्या बाया डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन कोरड्या पायांनी पलीकडे चालल्या होत्या. मावशी पाटीपाशी थांबली. तिनं ती सावकाश, एकेक अक्षर लावत वाचली. “दोन डाव निवडून आली,” ती म्हणाली, “पन माह्या नावाची पाटी कोठीच नाही लागली.” तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं. मग ती पुन्हा पाटीकडे बघत राहिली. मावसाजी बघत होते तिच्याकडे, आणि नेहमी ‘चला’ म्हणणारी तीच थांबली होती, त्यामुळे चालायला तिघांतलं कुणीच सुरुवात करत नव्हतं.