दारापर्यंत न आलेली लिफ्ट

शिवाजी पार्कजवळची ती सात मजली इमारत अजून उभी आहे. तेव्हा सात मजले म्हणजे आमच्या लेखी गगनचुंबीच. तिच्या गोल गॅलऱ्यांकडे लोक आजही मान वर करून बघतात. मी मात्र त्या रस्त्याने जाणं टाळतो, कारण तिचे नकाशे माझ्या हातचे आहेत.

मी फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. राहायला गिरगावात, चाळीत. संध्याकाळी सभेत घसा बसेपर्यंत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून ओरडायचं आणि सकाळी पुन्हा ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहायचं. मुंबई मराठी माणसाने उभी केलेली नाही, असं कोणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नकाशे पुरे होत आले तेव्हा साहेबांनी मला कलकत्त्याला धाडलं. आमच्या इमारतीच्याच मालकाने तिकडे एक उंच इमारत नुकतीच बांधली होती. "दोन्ही ताडून बघ. त्यांचं काही चांगलं असेल तर लिहून आण," साहेब म्हणाले.

चार दिवस मी टेप घेऊन फिरलो. दिसायला आमची इमारत देखणी, यात वादच नव्हता. त्यांची म्हणजे नुसतं खोकं. पण आत शिरलो आणि वहीतल्या नोंदी वाढत गेल्या. खिडक्यांवर हात हातभर छज्जे होते, स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढायची सोय होती आणि लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थेट दारासमोर थांबत होती. आमची लिफ्ट जिन्याच्या वळणावर, दोन मजल्यांच्या मध्येच थांबणार होती. तिथून दारापर्यंत नऊ पायऱ्या. वाचलेली जागा दिवाणखान्यांना दिलेली. ही युक्ती माझी, आणि तिच्यासाठी साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

अहवालात मी छज्जे लिहिले, धुराची सोय लिहिली. लिफ्टपुढे लिहिलं, 'विशेष फरक नाही.' दुसऱ्या शहराने आपल्याला शिकवावं, तेही त्या दिवसांत, हे मला सोसवेना. मुंबईचा अभिमान, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर माझी चूक मला कबूल करायची नव्हती. नकाशे मंजुरीला जायचे होते. थोडे कागद पुन्हा काढावे लागले असते, एवढंच.

पुढे माझ्या आतेभावाने तिथे पाचव्या मजल्यावर ब्लॉक घ्यायचं ठरवलं. आत्याचे गुडघे गेले होते. गिरगावच्या चाळीत ती दुसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. त्याने मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बिनधास्त घे. लिफ्ट आहे." लिफ्ट होतीच.

पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी तिच्या बगलेत हात घालून तिला त्या नऊ पायऱ्या चढवल्या. प्रत्येक पायरीवर ती थांबायची, ओठ दाबायची. वर पोहोचल्यावर शेजारणीला मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "ही इमारत माझ्या भाच्याने काढलीय हो!" त्यानंतर ती खाली उतरली नाही. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बायकांत बसायचं, एवढी एकच तिची हौस होती. आतेभाऊ खुर्चीवरून न्यायला तयार होता. "उचलून न्यायला मी काय गणपती आहे?" असं म्हणून ती हसण्यावारी न्यायची. मला ते हसू बघवत नसे.

मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. पार्कावर माणसांचा समुद्र लोटला होता. आतेभाऊ, त्याची बायको, मुलं, सगळी तिकडे गेली होती. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून गॅलरीत एकटी बसली होती. मी पेढा तिच्या हातावर ठेवला. खालच्या गर्दीवरची नजर न काढता तिने विचारलं, "तू कलकत्त्याला जाऊन आलास ना रे? तिथे लिफ्ट कुठे थांबते?"

या वेळी तरी खरं बोलावं, असं वाटलं. तोंडही उघडलं.

"सगळीकडे अशीच असते, आत्या."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आपल्यालाच जमलं नाही."