रात्रपाळीचं कपाट

सर्व सुजाण नागरिकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ग्रंथालयशास्त्रातली एक थोर क्रांती अंबरनाथमध्ये, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत होऊन गेली आणि जगाला पत्ताच लागला नाही.

क्रांतिकारकांना सगळे भाऊ म्हणतात. तरुणपणी त्यांनी कामगारांसाठी हे वाचनालय काढलं आणि पुस्तकं लावली ती कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे. पहिल्या पाळीवाल्यांना पहाटे उठायचं, म्हणून त्यांच्या कपाटात छोट्या कथा. रात्रपाळीच्या कपाटात जाडजूड रहस्यकथा, म्हणजे कामावर डुलकी लागायला नको. नवा सभासद आला की भाऊ चष्मा कपाळावर सरकवतात आणि नावाआधी पाळी विचारतात. कारखाने बंद पडले, तरी कपाटं तशीच आहेत.

परवा माझ्यासमोरच तपासणीला एक साहेब आले.

"विषयवार क्रमांक कुठेत? असं असेल तर मान्यता काढावी लागेल."

"विषय वाचणाऱ्याला कळतो, साहेब," भाऊ म्हणाले. "त्याला झोप कधी येते, ते मला कळतं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. भाऊंचा चष्मा कपाळावरून खाली आला. मी हातातला फुकटचा पेपर तोंडासमोर धरला.

तेवढ्यात पालेगावच्या एक मावशी जाडजूड पुस्तक बदलायला आल्या. साहेबांनी त्यांनाच विचारलं, "काय हो, तुम्हाला तरी इथे हवं ते सापडतं का?"

मावशी फणकारल्या, "आमच्या ह्यांची कंपनी बंद पडून जमाना झाला, साहेब, पण या भाऊंनी ह्यांची नाइट काही सोडवली नाही. आणि आता मला पण लावलीय."