ताट घरून आणा

मंडळी, इथे गप्पांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलंय — "ख्रिसमसला लोक खरंच घरी पार्टी देतात का? आणि बोलावलं तर कुणी खरंच जातं का?" खाली सगळ्यांनी हसण्याच्या स्मायली टाकल्यात. कुणी म्हणतंय हे सगळं फक्त पिक्चरमध्ये, कुणी म्हणतंय मॉलमध्ये जाऊन झाडासमोर फोटो काढायचा की झाला ख्रिसमस. तर उत्तर असं — देतात. आणि जातातही. आम्ही दिली आणि लोक आले. पण ते कुणाच्या बोलावण्यावरून आले, हे सांगायला मला अमानवीय अनुभवांचा हा विभाग निवडावा लागतोय, याचं माझं मलाच हसू येतंय.

कारण जुन्या सभासदांना माहीत आहे, मी इथे येतो तो लोकांच्या खोड्या काढायला. पिंपळाखाली बाई दिसली म्हणणाऱ्याला चष्म्याचा नंबर विचारणारा तो मीच. आमचं घर बौद्ध. धागेदोरे, उतारे, अंगात येणं — वडिलांनी हे सगळं एका झटक्यात घराबाहेर काढलेलं. त्यात माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, क्वालिटी डिपार्टमेंटला. पार्ट मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. माणसंही मी तशीच तपासतो अशी बायकोची तक्रार आहे.

माझं लहानपण इस्टेटच्या मागच्या चाळीत गेलं. लग्न होऊन सुनंदा आली तीही तिथेच. आमच्या शेजारच्या खोलीत फिलूमावशी राहायची. नाव फिलोमिना, इथलीच, ठाण्याची जुनी ख्रिश्चन. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा — अशी दुसरी बाई मी अजून पाहिलेली नाही. दर ख्रिसमसला तिच्या खोलीत अख्खी चाळ जेवायला. आदल्या दुपारी ती स्वतः दारोदार फिरून आवतण द्यायची. कडी वाजवणार, आत न येता उंबऱ्यावरच उभी राहणार, सांगणार आणि पुढच्या दारात जाणार. मटण तिचं, आणि फुग्या — म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या फुगीर पुऱ्या — त्या सुनंदाने तिच्याकडूनच शिकल्या. मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात, खोली विकली गेली. तिच्याबरोबर चाळीतला ख्रिसमसही गेला.

आमची मुलगी प्रज्ञा नोकरीला लागली, तिने ठाण्यातच बाळकुमला फ्लॅट घेतला आणि आम्ही तिघं तिथे राहायला गेलो. लिफ्ट, क्लबहाऊस, गेटवर कॅमेरे... सगळं झकपक. मी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बाल्कनीतून खाडी दाखवायचो. पण येणारं-जाणारं होतं कोण? आमचेच नातेवाईक. बिल्डिंगमधलं कुणी नाही.

दार उघडलं की समोरच्या भिंतीवर बुद्धांची मोठी तसबीर आहे. पहिल्यांदा भेटायला आलेल्या एक-दोघांनी ती पाहिली, "छान आहे हं" म्हणाले आणि बसायलाही न थांबता गेले. लिफ्टमध्ये हसायचे, नाही असं नाही. दिवाळीला सुनंदाने मजल्यावरच्या सगळ्यांना फराळाची ताटं दिली. ती परत आली, धुऊन-पुसून, रिकामी. आपल्याकडे कुणी रिकामं ताट परत करत नाही हो, निदान चिमूटभर साखर तरी ठेवतात. सुनंदाने ती मोजून घेतली. ताटं मांडणीवर लावली आणि बराच वेळ ओटाच पुसत बसली.

डिसेंबर लागला तशी प्रज्ञा म्हणाली, "आई, आपण फिलूआजीसारखा ख्रिसमस करू या. सगळ्या मजल्यांना बोलावू."

"बोलावशील कशी?" मी विचारलं.

"ग्रुपवर टाकते ना."

सुनंदा म्हणाली, "अगं, असं ग्रुपवर टाकून कुणी जेवायला येतं होय? दारात जाऊन सांगावं लागतं."

"मग तू जा सांगायला."

"मी नाही जायची," सुनंदा म्हणाली.

आवतण द्यायला गेलं कुणीच नाही. ग्रुपवर लाल टोपीवाला म्हातारा, घंट्या, चमचम असलेलं कार्ड पडलं. त्याखाली अंगठे आणि हात जोडलेले. कुणी उलट शुभेच्छांचं कार्ड टाकलं. म्हणजे लोकांनी ते आमंत्रण म्हणून वाचलंच नव्हतं, सणाचा फॉरवर्ड म्हणून पाहून सोडून दिलं.

तरी सुनंदाने स्वयंपाक केला तो पंगतीचा. चिकन, व्हेज पुलाव वेगळा, पातेलंभर भाजी, आणि फुग्या. प्रज्ञा डोंबिवलीच्या तिच्या लाडक्या बेकरीतून केक घेऊन आली. मी खुर्च्या लावल्या. संध्याकाळचे सात वाजून गेले तरी बेल वाजेना. सुनंदा नवीन साडी नेसून सोफ्याच्या अगदी कडेवर बसलेली.

"येतील गं आई, लोक उशिराच येतात," प्रज्ञा म्हणाली.

सुनंदा दाराकडे बघतच म्हणाली, "आज कुणी आलं नाही ना, तर एक सांगून ठेवते. यापुढे या बिल्डिंगमध्ये मी कुणाकडे जायची नाही आणि कुणाची वाटही बघायची नाही. आपण आपले राहू."

चाळीत ही बाई मीठ मागायला निघाली की तासाभराने परत यायची, वाटेत चार दारं लागायची म्हणून. तीच असं बोलत होती.

तेवढ्यात बेल वाजली. मी उडी मारून दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधले जोशीकाका आणि काकू. मी तोंडभर हसलो आणि... माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली. दोघांच्या हातात एकेक स्टीलचं ताट. घरून आणलेलं. रिकामं.

खरं सांगतो, माझं डोकंच फिरलं. जेवायला आमच्याकडे आणि ताट स्वतःचं! आमच्या भांड्यांना हात लावायचा नाही, यासाठी माझ्या आजोबांच्या वेळी लोक काय काय करायचे ते मी ऐकून आहे. आता बाळकुमच्या टॉवरमध्ये, माझ्या मुलीच्या घरात हे? मागून सुनंदा आली. तिनेही ताटं पाहिली आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"काका, आमच्याकडे ताटं आहेत," मी म्हणालो. आवाज चढलेलाच होता. "आणि स्वच्छ आहेत."

काका गोंधळले. "अहो, असतीलच की. पण तुमच्या मावशींनीच सांगितलं ना, ताट घरून आणा म्हणून?"

"कुठल्या मावशी?"

"अहो, त्या काल दुपारी आमंत्रण द्यायला आल्या होत्या त्या," काकू म्हणाल्या. "किती गोड बोलतात! 'उद्या आमचे घरा जेवाला या, ताट घरशी आना.' मी म्हटलं, आत तरी या, तर नाही म्हणाल्या, अजून पुष्कळ दारं राहिलीत."

एवढं बोलून काकू आत आल्या, सरळ टेबलापाशी गेल्या आणि ताट आमच्या ताटांच्या चळतीवर ठेवलं. काकांचंही त्यावर ठेवलं. "हे असंच ना? इथे ठेवायचं, आणि मग हाताला येईल त्या ताटात जेवायचं. कुठलं कुणाचं ते बघायचं नाही, असं बजावून गेल्या त्या."

मी दाराची कडी धरून उभा होतो, तसाच राहिलो.

ही रीत जगात एकाच घरातली होती. चाळीत आमच्या घरचं पाणीही न पिणारे लोक होते. फिलूमावशीने त्यांनाही बोलावलं आणि आम्हालाही. सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडे भांडी कमी, ताट घरून आणा. लोक आपापलं ताट छातीशी धरून आले. मावशीने दारातच ती सगळी काढून घेतली, एकावर एक रचली आणि वाढताना ज्याच्या वाट्याला जे येईल ते दिलं. ताट आपलं आणायचं, जेवायचं मात्र दुसऱ्याच्या ताटात. पहिल्या वर्षी म्हणे दोघं-तिघं फणकाऱ्याने उठून गेले. पुढच्या वर्षी तेच सगळ्यांच्या आधी हजर, कारण चाळभर मावशीच्या मटणाचा वास! माझ्या आठवणीत तर कुणी उठून गेलेलंच नाही. हे बाळकुममध्ये कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मावशी गेली तेव्हा प्रज्ञा तान्ही होती; तिलाही आम्ही मटण-फुग्यांच्या गोष्टी तेवढ्या सांगितल्या होत्या, ताटांची कधीच नाही.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. खालच्या मजल्यावरची पूनम, नवरा आणि दोन पोरी — चौघांच्या हातात चार ताटं. त्यांच्या मागे आणखी. जिन्यानेही माणसं येत होती, ताटं एकमेकांवर आपटल्याचा तो खणखण आवाज येत होता. पूनम म्हणाली, "अंकल, ग्रुपवर बघितलेलं मी, पण वाटलं असंच टाकलंय. मौसी स्वतः आल्या ना, मग यायलाच लागतं."

घर भरलं. खुर्च्या पुरेनात, लोक बाल्कनीत बसले, पोरं जिन्यात. फुग्या सगळ्यात आधी संपल्या. सुनंदा परत तळायला उभी राहिली, आणि तिच्या बाजूला पदर खोचून जोशीकाकू! आयुष्यात कधी न खाल्लेला पदार्थ लाटू की थापू विचारत होत्या. सुनंदा त्यांना हातावर गोळा कसा सोडायचा ते दाखवत होती, आणि हसत होती. बाळकुमला आल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

मला मिळालेल्या ताटावर जोशीकाकांच्या वडिलांचं नाव होतं. आणि जोशीकाकू सोफ्यावर ज्या ताटात जेवत होत्या, त्याच्या कडेवर भांडेवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव माझ्या आईचं होतं. माझी आई धुणीभांडी करायची. ज्या घरांतली भांडी ती घासायची, तिथेच तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. आणि आज तिच्या ताटातला पुलाव काकू बोटांनी निपटून खात होत्या. माझी छाती अशी भरून आली म्हणता! त्या रात्री या शहरात कुणाच्याही घरी पार्टी झाली असेल, माझ्या घरच्यासारखी झालेली नाही. हे मी कुठेही सांगेन.

दुसऱ्या दिवशी मात्र मी इन्स्पेक्शनला बसलो. सवय जात नाही. वॉचमनला विचारलं. "ऐसी कोई मॅडम नहीं आयी, साब." गेटचा आणि लिफ्टचा कॅमेरा पाहिला. त्या दुपारी कुरियरवाले, कामवाल्या, शाळेची पोरं, सगळे दिसले. फ्रॉकवाली बाई नाही. प्रज्ञाने कुणाला पाठवलं का? ती दुपारभर ऑफिसमध्ये होती, आणि ताटांची रीत ऐकून तीच सगळ्यात जास्त चकित झालेली. सुनंदा? मी रजा काढून घरीच होतो, ती पीठ आंबवत माझ्या डोळ्यांसमोर होती.

मग मी एक जुना फोटो काढला. चाळीतल्या कुठल्याशा बारशाचा, बायकांचा घोळका. काही न सांगता जोशीकाकूंसमोर धरला. "यातलं कुणी ओळखीचं दिसतं का बघा." त्यांनी लगेच फिलूमावशीवर बोट ठेवलं. "ह्याच की! अबोली परवाही अशीच माळली होती." पूनमकडे नेला. तिचंही बोट तिथेच. मी फोटो पाकिटात घातला आणि खाली बागेत जाऊन बसलो.

तिथे जोशीकाका भेटले. मी त्यांना विचारलं, "काका, ती कोण म्हणून तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हटलं, आपण त्यांच्या कोण? तर हसल्या आणि म्हणाल्या, 'त्यांचे घरचीच.'"

काका फिरायला निघून गेले. मी तिथे बसून रडलो. हो, रडलो, लिहायला लाज कसली!

त्याला वर्ष झालं. मी अजूनही भुतंखेतं मानत नाही. कुणी मला पटेल असं स्पष्टीकरण दिलं तर आनंदाने घेईन. सुनंदाला त्याची गरज वाटत नाही. ती म्हणते, "आपण आवतण द्यायला गेलो नाही, म्हणून तिला यावं लागलं. बिचारीला त्रास झाला."

यंदा सुनंदाने तो त्रास तिला दिला नाही. काल दुपारी ती स्वतः निघाली, अबोली माळून, आणि मला ओढत घेऊन गेली. प्रत्येक दारात उंबऱ्यावर उभं राहून तेच सांगत होती — उद्या आमच्याकडे जेवायला या, ताट घरून आणा. दारं उघडत होती. लोक आत बोलावत होते, आणि ती "अजून पुष्कळ दारं राहिलीत" म्हणून पुढे जात होती. मी मागे उभा राहून नुसता मान डोलवत होतो, अभिमानाने.

पूनमने दार उघडलं. आम्हाला पाहून तिने आमच्या मागे, जिन्याकडे डोकावून बघितलं. "मौसी नाही आल्या या वेळी? त्या कोण आहेत हो अंकल तुमच्या?"

सांगणार होतो, की अशी कुणी बाई नाही, काहीतरी गैरसमज झालाय, मी चौकशी केली आहे. तोंड उघडलंही होतं.

"आमच्या घरचीच," मी म्हणालो.