रक्तातून उतरून गेलेलं

मागच्या थंडीत मला न्यूमोनिया झाला. हिंगोलीला दवाखान्यात आठ दिवस काढले. श्वास घेतला की उजव्या बरगडीत सुरी फिरायची. मेले असते. घरी आल्यावरही कित्येक दिवस आडवं व्हायची भीती वाटायची.

तिथल्या शिकाऊ डॉक्टरणीनं तिच्या अभ्यासासाठी माझं रक्त तपासलं होतं. महिन्यानं बोलावून पुन्हा तपासलं. म्हणाली, "आजी, त्या जंतूशी लढणाऱ्या अँटिबॉडी तुमच्या रक्तात भरपूर झाल्यात. वर्षानं परत या." भरपूर एवढंच मी ऐकलं.

आमच्याकडं गोवर निघालेल्या लेकराजवळ गोवर येऊन गेलेली बाईच बसवतात. तिला तो परत होत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी तोच नियम न्यूमोनियाला लावला.

यंदा धाकट्या जावेला न्यूमोनिया झाला. सेनगावच्या डॉक्टरनं गोळ्या देऊन घरीच ठेवली. तिच्या सुनेच्या मांडीवर तान्हं लेकरू. सून म्हणाली, "मोठ्या आत्याबाई, तुमाला येऊन गेला ना? मंग तुमीच बसा."

बसले. चार दिवस तिचे बेडके पुसले, तिच्या पेल्यातलं उरलेलं पाणी प्याले. शेजारणी दारातून डोकावायच्या आणि मी त्यांना हसायचे. "भित्र्या हायेत साऱ्या."

पाचव्या दिवशी वर्ष भरलं म्हणून हिंगोलीला गेले. डॉक्टरणीनं रक्त घेतलं आणि तपासणी होईपर्यंत बाकावर बसवलं. दुपारी म्हणाली, "उतरल्यात आजी. महिन्यानं होत्या तेवढ्या आता राहिल्या नाहीत."

"काहून? मी काय केलं?"

"काही नाही केलं. आजार गेल्यावर त्या हळूहळू उतरतात. शरीराला थोडी आठवण राहते, पण तुमच्या वयात तिच्यावर विसंबता येत नाही. आणि या जंतूच्या जाती पुष्कळ. एकीला ओळखणाऱ्या अँटिबॉडी दुसरीला अडवतीलच असं नाही."

मी जावेचं सांगितलं. पेल्याचंही सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"लागलाच असं म्हणत नाही मी. पण ताप आला, दम लागला, तर त्याच दिवशी या. तिच्याजवळ जाताना तोंड बांधा, हात धुवा." मग तिनं न्यूमोनियाची लस टोचली. मी विचारलं, आजपासून भ्यायचं काम न्हाई ना? म्हणाली, हिच्या अँटिबॉडी तयार व्हायलाही दोन-तीन आठवडे लागतात.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. मागं कोणी खोकलं की मी पदर नाकाला लावायची. चार दिवस मी कशाच्या जोरावर बसले होते? माझ्या रक्तात काय उरलंय हे मला ठाऊकच नव्हतं.

घरी आले तर जाऊ भुकेली. मी पेज घेऊन उंबऱ्यातच थांबले.

"काहून उभ्या राहिल्या जाऊबाई? माझं मढं पाहून राहिल्या का?"

"मला भ्या वाटून राहिलंय," मी म्हणाले. "मला परत होऊ शकतो म्हणे."

ती कोपरावर टेकून उठू लागली. "मंग ठेवा तिथंच. घेते मी सरकत."

तिला बसताही येत नव्हतं. मी तोंडाला फडकं बांधलं, आत गेले आणि मान वळवून तिला चमच्यानं पाजलं. प्रेमानं नाही. दुसरं कोणी नव्हतं म्हणून. तीही माझ्याकडं बघत नव्हती.

आता ती अंगणात येऊन बसते, सुनेवर खेकसते. सुईला आज नऊ दिवस झाले. सकाळी उठल्या उठल्या मी छाती भरून श्वास घेते आणि उजव्या बरगडीत काही टोचतं का ते बघते. आज टोचलं. कूस दबली असेल. दुपारच्या गाडीनं हिंगोलीला जाते आहे.