दप्तरानं धरलेली जागा

नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या मोटार कारखान्यात, घर नुंगंबाक्कमला, आणि दर शनिवारी दुपारी मी समुद्रकाठच्या एन्नोरला, कोळ्यांच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायला. माझं तमीळ भाजीवाल्यापुरतं, मुलांचं इंग्रजीही तेवढंच, त्यामुळे आमचं छान जमलं. वर्ग वस्तीतल्याच एका हॉलमध्ये भरतो. खिडकीतून वीज केंद्राची धुरांडी दिसतात आणि कितीही झाडलं तरी चटईवर राख असते.

विषय ठरलेला: शाळा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं दुसरं काय बोलणार? जोड्या करायच्या, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. नाव काय, शाळा किती वाजता भरते, आवडता विषय कोणता. मला शिस्तीचं वेड आहे. जोडी मोडलेली मला खपत नाही.

एका मुलीनं मात्र शेजारी दप्तर ठेवून जागा धरली होती. तिथे कुणी बसायला गेलं की ही डोळे वटारायची. दुसरीशी बोल म्हटलं तर म्हणाली, "माझी जोडी आहे, मिस." आणि तिनं दप्तराला विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" मग जरा थांबून, आवाज जाडा करून, स्वतःच उत्तर दिलं. एका मुलीचं नाव, शाळेची वेळ, आवडता विषय सायन्स. प्रत्येक उत्तराआधी ती थांबायची, समोरच्या माणसाला आठवायला लागेल एवढा वेळ. कुणी शिंकलं तरी खिदळणारी ती पोरं, पण एकही हसलं नाही.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं. मला वाटलं, मैत्रीण वारली असणार.

"इल्ल, मिस," ती म्हणाली. मैत्रीण जिवंत होती, ओरगडमला सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. वारली होती ती मैत्रिणीची थोरली बहीण, तापानं. वडिलांना आता समुद्रावर जाणं होत नाही. कामाला अठरा पूर्ण लागतात. थोरलीचं आधार कार्ड घरात होतंच, आणि दोघींचे चेहरेही सारखे.

"जायच्या आधी आई तिला घरीसुद्धा अक्काच्या नावानं हाक मारायची, सवय व्हावी म्हणून. हाक मारायची आणि स्वतःच रडायची. पण पोंगलला ती परत येणार आहे, मिस. मग शाळेत बसणार. तोवर तिचं मी बोलते."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना. नवऱ्याला सांगितलं.

"तक्रार केलीस तर कारखान्याचं काही वाकडं होणार नाही," तो म्हणाला. "ती तेवढी घरी येईल."

"तेच तर हवंय."

"आणि घरात खातील काय?"

तक्रार मी केली नाही. त्यानंतर सकाळी कंपन्यांच्या बस दिसल्या की मी खिडक्यांतल्या मुलींचे चेहरे बघत राहायचे. तिला मी पाहिलेलंही नव्हतं, तरी प्रत्येकीत ती दिसायची.

पोंगलच्या सुट्टीत ती खरंच आली. बारीक अंगाची, केसांत मोगरा, कपाळावर कारखान्यातल्या टोपीचा वळ. वर्गातल्या मैत्रिणीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं, तिला शेजारी बसवलं आणि हसू आवरत विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

तिनं क्षणभरही न थांबता, खणखणीत आवाजात नाव सांगितलं. दर शनिवारी मी ऐकत होते ते हे नाव नव्हतं. हे थोरलीचं, आधार कार्डावरचं होतं.

तिचं तिला कळलंच नाही. मैत्रिणीचं हसू मात्र मावळलं. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू. या वेळी ती थांबली, बराच वेळ थांबली, आणि माझ्याकडे बघत राहिली. बारीकसारीक चूक दुरुस्त करणारी मी, ही तशीच सोडली. घाईघाईनं पुढचा प्रश्न घेतला: शाळा किती वाजता भरते?

"सिक्स," ती म्हणाली. पहिल्या पाळीची वेळ.

निघताना दारात ती म्हणाली, "पोयिट्टु वरेन, मिस." जाऊन येते. आपल्यासारखंच तिथेही कुणी नुसतं 'जाते' म्हणत नाही.

पुढच्या शनिवारी दप्तर पुन्हा चटईवर होतं. मी अजूनही त्यांना शाळेबद्दलच बोलायला शिकवते. सुरुवात मात्र आवडत्या विषयापासून करते. नाव विचारत नाही.